चित्रपटामागचं कॉमिक नेमकं शोधून वाचायचं कसं: यादी, आवृत्ती, क्रम आणि ताळा

सुपरहिरोचा चित्रपट आवडला की बहुतेक जण चित्रपटाच्या नावाचं पुस्तक शोधतात आणि मागवून मोकळे होतात. दहा पानं वाचून होत नाहीत तोच कळतं की ही गोष्टच वेगळी आहे, किंवा आपण मधूनच शिरलोय. दुसरी तऱ्हा त्याहून वाईट. ‘पहिल्यापासून वाचू’ म्हणत १९६३ च्या पहिल्या अंकाला हात घालायचा आणि आठव्या-दहाव्या अंकाशी दम सोडायचा. दोन्हीकडे दोष कॉमिकचा नसतो, तयारीचा असतो. इथे एक चित्रपट घेऊन त्याचं मूळ शोधणं, अंकांची यादी करणं, आवृत्ती निवडणं, वाचणं आणि शेवटी दोन्ही समोरासमोर ठेवून ताडून बघणं, या क्रमाने जायचं आहे. क्रम मोडला की पुढची पायरी हटकून घसरते.

## सुरू करण्याआधी

चित्रपट एकच निवडा. मालिका नको, ‘विश्व’ तर नकोच. एक वही लागेल आणि पानांना लावायला चिकटपट्ट्या, डिजिटल वाचत असाल तर स्क्रीनशॉटसाठी एक फोल्डर. अंकांची माहिती तपासायला ग्रँड कॉमिक्स डेटाबेस हाताशी ठेवा. तिथे अंकागणिक लेखक, चित्रकार, पानांची संख्या आणि तो अंक नंतर कुठे पुन्हा छापला गेला हे मिळतं. चाहत्यांच्या याद्या चाळायला हरकत नाही, पण शेवटचा शब्द त्यांचा मानू नका, कारण त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि एकीतली चूक दहा ठिकाणी फिरते.

वेळेचा अंदाज आधीच बांधा. आजच्या काळातला एक अंक वीस-बावीस पानांचा असतो आणि पंधरा-वीस मिनिटांत संपतो. साठच्या दशकातला अंक तेवढ्याच पानांत दुप्पट मजकूर कोंबतो, त्याला अर्धा तास धरा.

## १. चित्रपटाचं मूळ कोणत्या जातीचं आहे ते ठरवा

काही चित्रपट एकाच पुस्तकावरून घेतलेले असतात. ‘वॉचमेन’ हे सरळ उदाहरण: १९८६-८७ मधले १२ अंक आणि २००९ चा चित्रपट. इथे शोधायचं काही नाही, वाचायला बसा.

बरेच चित्रपट मात्र मिश्र असतात. २०१२ चा ‘द डार्क नाइट राइझेस’ घ्या. बॅटमॅनची पाठ मोडणारा बेन १९९३ च्या ‘नाइटफॉल’मधून येतो, बाहेरच्या जगापासून तुटलेलं शहर १९९९ च्या ‘नो मॅन्स लँड’मधून, आणि अंगरखा खुंटीला टांगलेला नायक पुन्हा उभा राहतो ती कल्पना १९८६ च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मधून. यातलं एकच वाचून ‘मूळ कॉमिक वाचलं’ म्हणता येत नाही. तसंच तिन्ही पूर्ण वाचायचा हट्ट धरला तर ‘नो मॅन्स लँड’ वर्षभर अनेक मालिकांत पसरलेलं आहे, तिथेच अडकून पडाल.

तिसरी जात सगळ्यात फसवी. २०१५ च्या चित्रपटाच्या नावात ‘एज ऑफ अल्ट्रॉन’ आहे आणि २०१३ मध्ये त्याच नावाची १० अंकांची कॉमिक मालिकाही आली होती. दोन्हींत साम्य जवळपास नावापुरतंच. अल्ट्रॉन आणि व्हिजन यांचं मूळ हवं असेल तर १९६८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’चे अंक ५४, ५५, ५७ आणि ५८ वाचावे लागतात. तिथे अल्ट्रॉनचा कर्ता टोनी स्टार्क नाही, हँक पिम आहे.

जात ओळखायची कशी? चित्रपटाची शेवटची नामावली थांबवून वाचा. ‘यांनी निर्माण केलेल्या पात्रांवर आधारित’ ही ओळ फक्त पात्रांचे जनक सांगते, कथेचे नाही. मार्व्हल स्टुडिओजच्या चित्रपटांत खूप खाली विशेष आभारांची यादी असते. ज्यांच्या अंकांतून प्रसंग किंवा पात्रं उचलली त्या लेखक-चित्रकारांची नावं तिथे सापडतात. ती उतरवून घ्या आणि नायकाच्या नावाबरोबर डेटाबेसमध्ये शोधा. पाच-सहा नावांतूनच कथा हाती लागते.

इशारा: चित्रपटाचं पोस्टर मुखपृष्ठावर असलेलं प्रत्येक पुस्तक मूळ कॉमिक नसतं. काही पुस्तकं म्हणजे चित्रपटावरून उलट तयार केलेली कॉमिक्स असतात आणि काही चित्रपटाची आगाऊ प्रस्तावना म्हणून काढलेली. प्रकाशनवर्ष चित्रपटाचंच किंवा त्याच्या जेमतेम आधीचं असेल तर आत कोणते अंक आहेत हे पाहिल्याशिवाय घेऊ नका. त्याच वेळी जुनी अस्सल कथाही चित्रपटाचं नाव चढवून नव्याने छापली जाते. म्हणून फक्त मुखपृष्ठावरून निकाल देता येत नाही, या बाजूने नाही आणि त्या बाजूनेही नाही.

तपासणी: ‘या चित्रपटातला अमुक धागा तमुक कथेतून आलाय’ असं वाक्य प्रत्येक धाग्यासाठी लिहिता येतंय का? तीनपेक्षा जास्त धागे निघाले तर दोन ठेवा, बाकीचे पुढच्या खेपेला.

## २. अंकांची यादी करा, आणि ती चार रकान्यांत करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको. प्रत्येक अंकासमोर चार गोष्टी लिहा: मालिकेचं नाव, ती मालिका सुरू झाल्याचं वर्ष, अंकाचा क्रमांक, मुखपृष्ठावरचा महिना-वर्ष. नमुना असा:

द अमेझिंग स्पायडर-मॅन | १९६३ | अंक १२१ आणि १२२ | जून आणि जुलै १९७३

सुरुवातीचं वर्ष कशाला, असं वाटेल. कारण एकाच नावाच्या मालिका पुनःपुन्हा १ पासून सुरू होतात. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ १९९८ च्या अखेरीस अंक ४४१ वर थांबली आणि जानेवारी १९९९ च्या तारखेने पुन्हा अंक १ निघाला. या नव्या मालिकेचे ५८ अंक झाल्यावर जुनी बेरीज पकडून पुढचा अंक थेट ५०० केला गेला. ४४१ अधिक ५८ म्हणजे ४९९, हिशेब बरोबर आहे, पण ज्याला हे माहीत नाही तो ५९ ते ४९९ शोधत बसतो. २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकल्याचं जे दृश्य आहे त्याचं मूळ अंक ५० मध्ये आहे. कोणता अंक ५०? १९६३ च्या मालिकेचा, जुलै १९६७ चा. नुसतं ‘अंक ५०’ लिहिलंत तर भलत्याच दशकातला अंक हाती पडेल.

असेच आणखी काही सापळे:

- ‘कॅप्टन अमेरिका’ या नावाची १९६८ ची मालिका अंक १०० पासूनच सुरू होते, कारण तिने आधीच्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चे क्रमांक पुढे चालवले. त्या मालिकेचे १ ते ९९ शोधू नका.
- २००५ च्या ‘कॅप्टन अमेरिका’त अंक ५० नंतर ६०० येतो. मधलं काही हरवलेलं नाही.
- ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ ही दोन अंकांची कथा १४१ आणि १४२ मध्ये आहे, जानेवारी आणि फेब्रुवारी १९८१. पण पहिला अंक ‘द एक्स-मेन’ या अधिकृत नावाखाली निघाला आणि दुसऱ्यापासून नाव ‘द अनकॅनी एक्स-मेन’ झालं. काही डिजिटल संग्रहांत हे दोन अंक दोन वेगळ्या नावांखाली ठेवलेले दिसतात आणि अर्धी गोष्ट गायब झाल्याचा भास होतो.
- ‘ओल्ड मॅन लोगन’ ही २०१७ च्या ‘लोगन’मागची एक कथा. ती २००३ च्या ‘वुल्व्हरिन’ मालिकेत ६६ ते ७२ अशी चालते, पण तिचा शेवट मालिकेत नाहीच. तो ‘वुल्व्हरिन: जायंट-साइझ ओल्ड मॅन लोगन’ या स्वतंत्र जाड अंकात आहे. सुटे अंक गोळा करणारे हमखास ७२ वर थांबतात.

आता महिन्याबद्दल. मुखपृष्ठावर छापलेला महिना म्हणजे विक्रीचा महिना नव्हे. अंक दुकानात जास्त दिवस टिकावा म्हणून तारीख पुढची छापायची पद्धत होती. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८ चा म्हणून ओळखला जातो, पण तो विक्रीला आला एप्रिलमध्ये. ‘सुपरमॅन’ अंक ७५ वर जानेवारी १९९३ आहे, तो हाती आला नोव्हेंबर १९९२ मध्ये. एकाच मालिकेपुरतं याने काही बिघडत नाही. चार मालिका एकत्र वाचायच्या असतील तेव्हा मात्र एकाच महिन्याच्या अंकांतही आधी-नंतर असतं, ते चौथ्या टप्प्यात बघू.

यादी झाली की तिचे दोन भाग करा: मुख्य आणि पूर्वपीठिका. २००६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी पडद्यावर आलेली ‘डार्क फिनिक्स’ची कथा १९८० च्या ‘एक्स-मेन’मध्ये अंक १२९ ते १३८ अशी धरतात. हा झाला मुख्य भाग. पण जीन ग्रे फिनिक्स होते ती १९७६ च्या अंक १०० आणि १०१ मध्ये. हे दोन अंक वगळून १२९ उघडलात तर तिच्या ताकदीबद्दल सगळे एवढे धास्तावलेले का, हेच कळत नाही. पूर्वपीठिका दोन ते चार अंकांवर जाऊ देऊ नका. तिथे ढिलाई केली की यादी बघता बघता पन्नाशी गाठते.

तपासणी: यादीतला शेवटचा अंक डेटाबेसमध्ये उघडा. ‘क्रमशः’ असेल किंवा कथेचं नाव पुढच्या अंकातही चालू असेल तर यादी अपुरी आहे.

## ३. आवृत्ती निवडा

जुने सुटे अंक गोळा करणं हा वेगळा छंद आहे. वाचनासाठी संकलित आवृत्ती पुरते. प्रकार असे.

ट्रेड पेपरबॅकमध्ये साधारण पाच-सहा अंक, म्हणजे एक कथा. नव्या कथांसाठी हीच घ्या. मार्व्हलच्या मास्टरवर्क्समध्ये दहाच्या आसपास जुने अंक रंगीत आणि पक्क्या बांधणीत मिळतात. एपिक कलेक्शनमध्ये चारशे-पाचशे पानांचा एकसलग कालखंड असतो. यात एक गंमत आहे: या मालिकेचे खंड क्रमाने निघत नाहीत. खंड ७ आधी येतो आणि खंड ४ कित्येक वर्षांनी. ‘आधीचा मिळत नाही’ म्हणून थांबून राहू नका, आपले अंक ज्या खंडात आहेत तो घ्या. ऑम्निबस हजार पानांच्या घरात जातो. तो मांडीवर पेलत नाही आणि मधल्या घडीत चित्रं दबतात. पहिल्या वाचनाला तो नकोच. एसेन्शियल या नावाची जुनी जाड पुस्तकं कृष्णधवल आहेत. कथा कळेल, पण चित्रपटाशी रंग ताडता येणार नाहीत.

इशारा: पुस्तकाच्या कण्यावरचा ‘व्हॉल्यूम १’ हा पुस्तकाचा क्रमांक असतो. डेटाबेसमधला ‘व्हॉल्यूम ५’ हा मालिकेचा. ‘कॅप्टन अमेरिका व्हॉल्यूम ५’ मागवताना नेमकं काय मागवतोय हे दोनदा बघा. आतल्या श्रेयपानावर ‘या पुस्तकात अमुक मालिकेचे अंक अमुक ते तमुक’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते. आपल्या चार रकान्यांशी ती ओळ जुळली तरच पुस्तक बरोबर.

रंगांचंही बघा. ‘द किलिंग जोक’ १९८८ मध्ये निघालं तेव्हा रंग जॉन हिगिन्स यांचे होते. २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंड यांनी ते स्वतः नव्याने भरले. पहिल्या आवृत्तीतले भडक जांभळे-नारिंगी प्रसंग आणि नंतरचे करडे, थंड प्रसंग यांतून मनावर उमटणारा ठसा पूर्ण वेगळा आहे. जोकरच्या चित्रपटांशी तुलना करणार असाल तर कोणती आवृत्ती वाचली हे वहीत लिहिलंच पाहिजे.

डिजिटल वाचताना एकेक पॅनल, म्हणजे पानावरची एकेक चित्रचौकट, मोठं करून दाखवणारी सोय बंद ठेवा. फोनवर ती सोयीची वाटते खरी, पण पान म्हणजे एक एकक आहे आणि ती त्याचे तुकडे करते. ‘वॉचमेन’चा पाचवा अंक मधल्या दोन पानांभोवती आरशासारखा रचलेला आहे: पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानात उलटून येते. एकेक पॅनल बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. टॅबलेट आडवा धरून दोन पानं एकत्र दिसतील अशी मांडणी ठेवा.

## ४. वाचनाचा क्रम लावा

नियम एकच: प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. कथेतल्या कालक्रमाने नाही. ‘बॅटमॅन: इयर वन’ ही नायकाच्या पहिल्या वर्षाची गोष्ट आहे, पण ती १९८७ मध्ये ‘बॅटमॅन’च्या अंक ४०४ ते ४०७ मध्ये आली. १९३९ च्या अंकांच्या आधी ती ठेवायला गेलात तर सूर, जग, बोलणं काहीच जुळत नाही. लेखकाने वाचकाला काय माहीत आहे असं धरलंय, ते प्रकाशनाच्या क्रमातच सांभाळलं जातं.

अनेक मालिकांत फिरणाऱ्या कथेला, म्हणजे क्रॉसओव्हरला, हातानेच क्रम लावावा लागतो. ‘सुपरमॅनचा मृत्यू’ हा त्यासाठी उत्तम सराव आहे. २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’चा शेवट इथूनच आलाय. क्रम असा:

1. सुपरमॅन: द मॅन ऑफ स्टील, अंक १८
2. जस्टिस लीग अमेरिका, अंक ६९
3. सुपरमॅन, अंक ७४
4. द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन, अंक ४९७
5. अ‍ॅक्शन कॉमिक्स, अंक ६८४
6. सुपरमॅन: द मॅन ऑफ स्टील, अंक १९
7. सुपरमॅन, अंक ७५

त्या काळात सुपरमॅनच्या मुखपृष्ठांवर एक छोटा त्रिकोण असायचा. त्यात वर्ष आणि त्या वर्षातला वाचनक्रमांक छापलेला असे, आणि वर्ष बदललं की तो पुन्हा १ पासून. क्रम लावायला याहून सोपी खूण नाही. मात्र हा त्रिकोण सुपरमॅनच्या मालिकांपुरता आहे, म्हणून फक्त त्याच्या आधाराने यादी केली तर जस्टिस लीगचा अंक निसटतो आणि सगळा संघ एकदम जायबंदी कसा झाला हे कोडंच राहतं.

हाच क्रम पाळून वाचताना एक गोष्ट मुद्दाम बघा. अंक ४९७ मध्ये पानाला चार पॅनल आहेत, ६८४ मध्ये तीन, मॅन ऑफ स्टील १९ मध्ये दोन आणि ७५ मध्ये प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र. मृत्यू जवळ येतो तशी चौकट मोठी होत जाते. क्रम चुकला की ही मोजणी मोडते, आणि कथेतली अर्धी जान तीच आहे.

टाय-इन अंकांचं काय करायचं? मूळ घटनेच्या अवतीभोवती दुसऱ्या मालिकांत निघालेले हे अंक पहिल्या वाचनात सोडून द्या. ‘सिव्हिल वॉर’चे मुख्य अंक ७, टाय-इन ढिगाने. सात वाचा. स्पायडर-मॅनच्या बाजूने कुतूहल राहिलं तर नंतर त्याच्या मालिकेतले तेवढे घ्या.

उलटही होतं. २०१४ च्या ‘विंटर सोल्जर’ची मूळ कथा २००५ च्या ‘कॅप्टन अमेरिका’त अंक १ ते ९ आणि ११ ते १४ अशी आहे. अंक १० दुसऱ्याच एका घटनेचा टाय-इन आहे आणि पुस्तकरूपात तो सहसा वगळलेला असतो. ‘माझ्या पुस्तकात एक अंक कमी’ अशी तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्या. दोन पेपरबॅकमध्ये घेणार असाल तर पहिला खंड ७ व्या अंकावर संपतो, कथा नाही.

## ५. पहिलं वाचन: चित्रपट बाजूला ठेवून

वाचताना चित्रपटाशी तुलना करायची नाही. ‘हे तर पडद्यावर वेगळं होतं’ असं मनात आलं की पट्टी लावा आणि पुढे जा.

साठ-सत्तरच्या दशकातले अंक वाचताना लोक वैतागतात ते मजकुराला. चित्रात जे दिसतंय तेच चौकटीतल्या ओळी पुन्हा सांगतात, शिवाय पात्र स्वतःशी विचार करतं ते वेगळंच. मग सगळे फक्त संवाद वाचत सुटतात. तसं करू नका, कारण कथेचा कणा कित्येकदा निवेदनातच असतो. १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ अंक १५ मध्ये स्पायडर-मॅनची पहिली कथा अवघ्या ११ पानांची आहे. ताकद आणि जबाबदारी यांचं ते जगप्रसिद्ध वाक्य त्यात बेनकाकांच्या तोंडी नाहीच. शेवटच्या पॅनलमधल्या निवेदनात आहे. संवादच वाचणाऱ्याला ते दिसणार नाही, आणि मग तो छातीठोकपणे सांगत फिरतो की मूळ अंकात ते वाक्यच नव्हतं.

आधीच्या अंकाची उजळणी करणारं पहिलं पान मात्र खुशाल चाळून पुढे जा. महिन्याने हातात घेणाऱ्या वाचकासाठी ते होतं.

तपासणी: कथा संपल्यावर पुस्तक मिटून पाच वाक्यांत सांगता येते का? चित्रपटातला एखादा प्रसंग त्यात घुसला असेल तर ती पानं पुन्हा बघा.

## ६. ताळा: पान आणि दृश्य समोरासमोर

आता चित्रपट पुन्हा लावा, पण आधी आवृत्ती नोंदवा. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ चित्रपटगृहात १५१ मिनिटांचा होता, नंतरची विस्तारित आवृत्ती १८२ मिनिटांची. ‘वॉचमेन’च्या तर तीन आवृत्त्या आहेत: १६२, १८६ आणि २१५ मिनिटांच्या. सगळ्यात लांब आवृत्तीत कॉमिकमधली चाच्यांची उपकथा अ‍ॅनिमेशनच्या रूपात विणली आहे. ‘चित्रपटाने ती कथा गाळली’ हे विधान कोणत्या आवृत्तीबद्दल आहे यावर खरं-खोटं ठरतं.

वहीत प्रत्येक प्रसंगाला पाच प्रश्न लिहा. प्रसंग कोणावर बेतलाय? शेवट काय? हे कोण करतं किंवा बोलतं? जागा कोणती? चौकट, म्हणजे चित्राची रचना, तीच आहे का?

एक उदाहरण पूर्ण करून बघू. १९७३ च्या अंक १२१ मध्ये ग्रीन गॉब्लिन, म्हणजे नॉर्मन ऑस्बॉर्न, ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली फेकतो. स्पायडर-मॅन जाळ्याने तिचा पाय पकडतो. लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केन यांची. ज्या पॅनलमध्ये जाळं ताणलं जातं तिथे मानेजवळ एक बारीकसा आवाज लिहिलेला आहे, चार अक्षरांचा. भराभर वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो आणि ती कशाने गेली हा कॉमिकमधला सगळ्यात बोचरा प्रश्न त्याच्यापुरता उरतच नाही. कथेचं शीर्षकही या अंकात सुरुवातीला नाही, शेवटच्या पानावर आहे. अंक १२२ मध्ये गॉब्लिन स्वतःच्याच ग्लायडरने मरतो, आणि अखेरच्या पॅनलांत दाराशी गेलेली मेरी जेन बाहेर न पडता दार लावून घेते.

आता २००२ चा चित्रपट. बेतलाय मेरी जेनवर, ग्वेनवर नाही. पूल आहे, पण गॉब्लिनच्या दुसऱ्या हातात मुलांनी भरलेली केबल कार आहे आणि स्पायडर-मॅन दोन्ही वाचवतो. म्हणजे १२१ मधला पेच घेतला, निकाल उलटा केला. पुढचा ग्लायडरचा मृत्यू मात्र १२२ मधून जवळजवळ जसाच्या तसा.

२०१४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’मध्ये ग्वेन आहे आणि निकालही मूळचाच. पण गॉब्लिन नॉर्मन नाही, त्याचा मुलगा हॅरी आहे, आणि पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा. मनोऱ्यातलं घड्याळ एक वाजून एकवीस मिनिटांवर थांबतं, अंकाच्या क्रमांकाला दिलेली ती दाद.

असे रकाने भरले की ‘कोणता चित्रपट मूळाशी इमानदार’ हा प्रश्न किती ढोबळ आहे ते उघड होतं. एकाने प्रसंगाची जागा राखली आणि शेवट बदलला, दुसऱ्याने नेमकं उलट केलं.

‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’लाही हेच प्रश्न लावून बघा. कॉमिकमध्ये भूतकाळात मन जातं ते केट प्राइडचं, २०१४ च्या चित्रपटात वुल्व्हरिनचं. कॉमिकमध्ये रोखायचा असतो तो सिनेटर केलीचा खून, चित्रपटात बोलिव्हर ट्रास्कचा. कॉमिकमधलं भयाण ‘भविष्य’ २०१३ सालचं आहे. दोन अंकांत हा सराव एका बैठकीत होतो, नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी.

इशारा: सारख्या चौकटीला भुलू नका. एखाद्या प्रसिद्ध मुखपृष्ठाची हुबेहूब नक्कल पडद्यावर दिसली म्हणजे कथाही तिथून आली असं होत नाही. ‘चौकट’ हा प्रश्न शेवटी ठेवलाय तो त्यासाठीच. आधीच्या चारांपैकी एकही जुळत नसेल आणि चौकट जुळत असेल तर ती मानवंदना आहे, आधार नव्हे.

## ७. अडलं तर

फरक दिसतोय, पण तो चित्रपटानेच केला की आणखी कुणी? पात्रं दशकानुदशकं नव्याने सांगितली जातात आणि चित्रपट पुष्कळदा पहिल्या नव्हे, मधल्या आवृत्तीवरून घेतलेला असतो. ‘बॅटमॅन बिगिन्स’ १९३९ च्या अंकांशी ताडला तर सगळंच बदलल्यासारखं दिसेल. ‘इयर वन’ आणि १९८९ ची ‘द मॅन हू फॉल्स’ ही छोटी कथा जवळ घ्या. विहिरीत पडणं, देशोदेशी भटकून शिकणं, भ्रष्ट पोलीस खातं, सगळं तिथे सापडतं.

श्रेयात नावं वेगवेगळी दिसतात. बॅटमॅनच्या जुन्या पुस्तकांत आणि चित्रपटांत जनक म्हणून एकटे बॉब केन असतात. बिल फिंगर यांचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं २०१५ पासून. छपाईचं वर्ष बघा, विरोधाभास मिटतो. चित्रकाराच्या नावाचा घोळ असेल तर पेन्सिल, शाई आणि रंग वेगवेगळ्या माणसांनी केलेले असतात हे ध्यानात ठेवा. वहीत तिघांचीही नावं घ्या.

वाचताना कंटाळा आला. पूर्वपीठिका आखडा, मुख्य यादी नाही. १९९१ ची ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ ६ अंकांची आहे. तिच्या आधी १९९० ची दोन अंकांची ‘थॅनोस क्वेस्ट’ वाचली की सहा रत्नं थॅनोस या खलनायकाकडे कशी आली ते कळतं आणि तेवढं पुरे होतं. १९७३ च्या ‘आयर्न मॅन’ अंक ५५ पासून थॅनोसचा माग काढत यायची गरज नाही. आणि २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’ चित्रपटातले थॅनोसचे साथीदार या पुस्तकात दिसले नाहीत म्हणून पानं मागे-पुढे करू नका. ते आले २०१३ च्या ‘इन्फिनिटी’मधून, तो धागा वेगळ्या यादीत जाईल.